गोचीड आणि त्याच्या पोटातला जिवाणू

पावसाळा सरता सरता हिंगोलीतल्या गोठ्यांत गोचीड वाढलेले दिसतात. गाईची कास, मांड्यांची आतली बाजू, शेपटीखाली आणि कानात बोट फिरवले की टणक दाणे हाताला लागतात. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत दोन-तीन हजार अंडी घालते.

रक्त शोषणे हा एक त्रास. दुसरा, गोचीड पसरवतो ते रोग. त्यांपैकी बबेसिया व थायलेरिया हे एकपेशीय परजीवी आहेत, तर अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणू. सर आर्नोल्ड थायलर यांनी 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो ओळखला. तो तांबड्या पेशींत वाढतो. जनावराला ताप येतो, डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी, मग पिवळी पडते, शेण घट्ट होते. बबेसियात लघवी लाल होते, इथे होत नाही. वासरे बहुधा सौम्य आजारावर निभावतात. मोठी जनावरे, विशेषतः संकरित गाई, जास्त आजारी पडतात. बरे झालेले जनावरही जिवाणू बाळगून असते.

रानातली हरणे, रोही यांच्या अंगावरही गोचीड असतात. सामाईक चराईत ते इकडून तिकडे जातात.

वेळेत ऑक्सिटेट्रासायक्लिन दिले तर जनावर वाचते. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. एकच सुई अनेक जनावरांना वापरू नये. गोचीडनाशक जनावराला लावताना गोठ्याच्या भेगाही बुजवाव्यात, नाहीतर नवी पिल्ले पुन्हा चढतात.