विहिरीच्या पाण्याची पारख

घरच्या विहिरीचे पाणी चांगले की वाईट, याचा निवाडा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तुरीची डाळ, साबण आणि न्हाणीघरातला बंब या तीन साक्षीदारांच्या जबानीवर होत आला आहे. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना आणि बंबाला आतून पांढरे पुट चढले, की पाणी जड ठरते. यांपैकी काहीच न घडले, तर ते बिनदिक्कत पिण्यास योग्य मानले जाते. या साक्षी खोट्या नव्हेत; परंतु ज्या दोषाविषयी त्या बोलतात तो आरोग्याच्या दृष्टीने गौण असून, जो जिवावर बेतू शकतो त्याविषयी त्या अवाक्षरही काढीत नाहीत.

पावसाचे पाणी स्वभावतः मृदू असते. मात्र मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून ते सौम्य आम्लधर्मी होते आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून वाट काढताना त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. हीच द्रव्ये साबणाशी संयोग पावून फेसाऐवजी साका निर्माण करतात आणि डाळीतील पेक्टिन घट्ट करून तिला शिजू देत नाहीत. बायकार्बोनेटच्या रूपातील जडपणा उकळल्याने जातो, आणि बंबातले पुट ते त्याचेच. सल्फेट व क्लोराइड यांच्यामुळे आलेला जडपणा मात्र उकळूनही हटत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, जडपणा नव्हे. पाणी मृदू करणारे यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडते. सबब, ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी पिण्याचे पाणी त्या यंत्रातून न घेणे श्रेयस्कर. भारतीय मानक ब्युरोच्या 2012 च्या मानकानुसार जडपणा लिटरमागे 200 मिलीग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालतो. एवढी सवलत ज्या दोषास मिळते, तो प्राणघातक नव्हे हे उघड आहे.

फ्लोराइडची गोष्ट निराळी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाण्याचा खारटपणा जिभेला तत्काळ कळतो. परंतु चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात आढळणाऱ्या फ्लोराइडला ना चव, ना वास. त्याची मर्यादा लिटरमागे अवघी दीड मिलीग्रॅम. ती दीर्घकाळ ओलांडली गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. त्यातही विशेष असे, की फ्लोराइड अधिक असलेल्या पाण्यात कॅल्शियम बहुधा कमी असते. म्हणजे साबणाला उत्तम फेस देणारे मृदू पाणीच कित्येकदा घातक ठरते. खतांतून व सांडपाण्यातून उतरणाऱ्या नायट्रेटची मर्यादा 45 मिलीग्रॅम. ते तान्ह्या बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण करते, आणि पाणी उकळल्याने नाहीसे न होता उलट अधिक दाट होते. रोगजंतूंना मात्र उकळणे हाच खात्रीचा उपाय आहे.

म्हणून निदान वर्षातून एकदा, आणि पावसाळ्यानंतर अवश्य, पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. जंतुपरीक्षेसाठी तो निर्जंतुक बाटलीतच भरावा व विनाविलंब पोहोचवावा. विहिरीस कठडा व पक्का ओटा असावा, शौचालयाचा शोषखड्डा किमान 15 मीटर दूर असावा, आणि हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर कालवून वरची निवळी विहिरीत सोडल्यावर तासभर तरी पाणी उपसू नये.

तपासणीचा अहवाल मिळाल्यावर तो शेजाऱ्यांसही दाखवावा. विहीर सातबाऱ्यावर एकाच्या नावे असली, तरी तिचे झरे ज्या खडकातून येतात तो खडक कोणाच्याही मालकीची हद्द ओळखत नाही. एका विहिरीत सापडलेला दोष शेजारच्या घरातील तान्ह्या मुलाच्या दुधातही उतरत असण्याचा संभव असतो, आणि तो वेळीच कळवणे हे विहीर बाळगणाऱ्याचे कर्तव्य आहे.