फारमाचा फोटो, भिंतीवरचा फोटो

वाशीम जिल्ह्यातल्या लहान स्टुडिओंत आता पासपोर्ट फोटो निघतात ते घरगुती प्रिंटरवरच. एप्सनचा एल ८०५ किंवा त्याच्यानंतरचा एल ८०५०. सहा रंगांच्या टाक्या, शाई बाटलीतून थेट ओतायची. कंपनीच्या ७० मिलीच्या बाटलीपुढे बाजारातली ‘लोकल’ शाई निम्म्याहून स्वस्त पडते.

कारंज्याच्या एका स्टुडिओत दोन प्रिंटर शेजारीशेजारी आहेत. एकात ओरिजिनल, दुसऱ्यात लोकल. गिऱ्हाईक आले की मालक विचारतात, “भाऊ, फोटो फारमाले लावाचा हाय का भितीवर टांगाचा?” उत्तरावर प्रिंटर ठरतो. मला हा हिशेब पटला. ४ बाय ६च्या कागदावरचे आठ फोटो कापून फॉर्मांना चिकटले की फायलीत बंद होतात. त्यांच्यासाठी महागडी शाई ओतणे ही निव्वळ हौस.

ताज्या प्रिंटांत फरक शोधावा तो केसांत आणि सावलीत. लोकलचा काळा जरा हिरवट, चेहरा लालसर. प्रिंटरची रंगांची गणिते कंपनीच्या शाईवरच बसवलेली असतात. वेगळे प्रोफाइल लावले की हा दोष बराच झाकतो. टिकाऊपणा मात्र प्रोफाइलने येत नाही. दुकानाच्या काचेला एकाच फोटोचे दोन प्रिंट डकवलेले होते. उन्हाळा सरेपर्यंत लोकलमधला सायन उडाला आणि नवरदेव विटकरी झाला. ऊन तर आहेच, पण हवेतला ओझोनही रंग खातो. पटकन वाळणाऱ्या फोटो पेपरच्या थरात सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून हवा रंगापर्यंत पोचते. फ्रेमची काच म्हणूनच कामाची. कंपनीची शाईही डायचीच. उघड्यावर तीही विटते, पण सावकाश.

लोकलने हेड जाम होते, ही तक्रार इथे फारशी नाही, कारण प्रिंटर रोज चालतो. पंचाईत घरच्या प्रिंटरची. वैशाखात चार आठवडे तो बंद राहिला की शाई कोणतीही असो, नोझलच्या तोंडाशी वाळते. मग नोझल चेकच्या पायऱ्यांत रेषा तुटक येतात, क्लिनिंग मारावे लागते आणि ती शाई थेट वेस्ट पॅडमध्ये जाते. वर्षाकाठी वाढदिवसाचे आणि लग्नाचे मोजके फोटो काढणाऱ्याची लोकल शाईत बचत ती किती? त्याने ओरिजिनलच घ्यावी, आणि आठवड्याला एखादा रंगीत फोटो काढत राहावे.