यकृताचा कर्करोग आणि बाळाची पहिली लस

यकृताचा कर्करोग बहुधा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’चे विषाणू, दारू किंवा साचलेली चरबी यांमुळे यकृताच्या पेशी वर्षानुवर्षे मरतात आणि नव्याने तयार होतात. हळूहळू यकृत घट्ट, गाठाळ बनते, हाच सिऱ्होसिस. या सततच्या पडझडीत एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागते. सुरुवातीला दुखत नाही. वजन घटणे, पोटात पाणी होणे ही लक्षणे उशिराची. म्हणून सिऱ्होसिसच्या रुग्णाने दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करावी. पण ‘बी’मुळे होणारा कर्करोग लसीने टाळताही येतो: तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस ‘बी’ची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधला हा कर्करोग बराच घटला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्याच.