जुन्या संगणकाला ‘किमान’ लिनक्सचा आधार

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणक प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला आणि घराघरांतल्या व छोट्या कचेऱ्यांतल्या असंख्य संगणकांचे भवितव्य अधांतरी झाले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रेही केवळ या अटींपायी बाद ठरली. कंपनीने घरगुती ग्राहकांना सुरक्षा सुधारणांसाठी वर्षभराची जादा मुदत देऊ केली, पण ती तात्पुरती मलमपट्टीच होती. असा संगणक भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एक मार्ग अवश्य तपासून पाहावा. मुक्त स्रोत प्रणालीचा फक्त गाभा यंत्रावर बसवायचा आणि त्यावर आपल्याला हवे तेवढेच चढवायचे, असा हा मार्ग आहे.

लिनक्स म्हटले की बहुतेकांना उबुंटू आठवते. मात्र उबुंटूची डेस्कटॉप आवृत्तीही आता भरपूर रॅमची अपेक्षा ठेवते. जुना संगणक रखडतो तो बहुधा यंत्र थकल्यामुळे नव्हे, तर त्याच्यावरचे ओझे वर्षागणिक वाढत गेल्यामुळे. पडद्यामागे सतत चालणाऱ्या सेवा, न मागता येणारे कार्यक्रम आणि दिखाऊ सजावट यांत निम्मी ताकद खर्ची पडते. किमान प्रणालीत यातले काहीच आधीपासून नसते.

यासाठी अनेक पर्याय आहेत. ‘टायनी कोअर’ तर अवघ्या काही एमबींत मावते, पण ती नवख्यांसाठी नव्हे. घरगुती वापरासाठी ‘डेबियन’ अधिक भरवशाची. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा व स्वतःचे नाव जोडून ‘डेबियन’ हे नाव घडवले. आज जगभरातले स्वयंसेवक तो चालवतात. उबुंटूही डेबियनवरच उभी आहे. डेबियनची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. डेस्कटॉपविना ही प्रणाली अर्ध्या जीबी रॅमवर आणि चार जीबी जागेतही उभी राहू शकते. डेस्कटॉप हवा असल्यास दोन जीबी रॅम आणि दहा जीबी जागा असावी, अशी शिफारस आहे.

मात्र तेराव्या आवृत्तीत ३२ बिटच्या प्रोसेसरसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. दोन दशकांपूर्वीच्या अशा यंत्रांना बाराव्या आवृत्तीवरच समाधान मानावे लागते. तिला दीर्घकालीन पाठिंबा जून २०२८ पर्यंत आहे.

सर्वांत मोठा धोका पहिल्याच टप्प्यात असतो. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडून पुढे होकार दिला की त्या डिस्कवरचे सारे पुसले जाते. लग्नाचे फोटो, प्राप्तिकराची कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प यांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर काढून, ती उघडते का हेही पाहून घ्यावे. मराठी वापरकर्त्यांपुढे आणखी एक पेच असतो. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेल्या फायली युनिकोडमध्ये नसतात. त्यांत प्रत्यक्षात भलतेच संकेतांक साठवलेले असतात आणि विशिष्ट फॉण्टमुळे ते मराठी अक्षरांसारखे दिसतात. तो फॉण्ट नाहीसा झाला की आजोबांचे आत्मचरित्र निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते. म्हणून विंडोज चालू असतानाच अशा फायली युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात, किमानपक्षी त्यांची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये मजकूर बदलता येत नसला तरी वाचता येतो. हिशेबासाठी टॅलीवर अवलंबून असलेल्या दुकानदारांनी मात्र विंडोज पुसण्याच्या फंदात पडू नये. ते सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते.

प्रत्यक्ष काम तसे अवघड नाही. डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘नेटइन्स्ट’ नावाची फाइल उतरवून घ्यावी. ती एक जीबीहूनही लहान असते, कारण बाकीचे सामान ती इंटरनेटवरून आणते. ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफससारख्या साधनाने ती लिहावी लागते आणि त्यात पेन ड्राइव्हवरचा मजकूरही जातो. मग संगणक सुरू होताना ‘एफ १२’, ‘एफ ९’ किंवा ‘एस्केप’ यांपैकी कंपनीने ठरवलेली कळ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरुवात करायची. चित्रमय इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठीही आहे. शक्य असल्यास या कामापुरती इंटरनेटची केबल जोडावी, कारण किमान प्रणालीत वाय-फाय पहिल्या दिवसापासून चालेलच असे नाही.

दोन ठिकाणी जरा थांबून विचार करावा. प्रशासकाचा, म्हणजे ‘रूट’चा पासवर्ड विचारला जातो, ती जागा रिकामी सोडलेली बरी. तसे केल्यास पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’ या आज्ञेद्वारे प्रशासकीय अधिकार मिळतात. पासवर्ड दिल्यास ही सोय आपोआप होत नाही आणि पुढे नवख्यांची पंचाईत होते. दुसरे ठिकाण म्हणजे शेवटाकडे येणारी सॉफ्टवेअरची यादी. तेथे डेस्कटॉपच्या पर्यायांवर आधीच खुणा केलेल्या असतात. त्या काढून केवळ ‘प्रमाणित प्रणाली उपयोजने’ या अर्थाचा पर्याय ठेवायचा. ‘किमान’ प्रणालीचे सारे मर्म या एका पडद्यावर आहे.

त्यानंतर संगणक पुन्हा सुरू होतो आणि काळ्या पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ तेवढी दिसते. काहीतरी बिघडले, अशी समजूत करून अनेक जण येथेच धीर सोडतात. वास्तविक प्रणाली व्यवस्थित बसलेली असते, फक्त तिला अजून चेहरा नसतो.

तो देण्याचे काम ‘एपीटी’ हा कार्यक्रम करतो. हव्या त्या पॅकेजचे नाव रोमन लिपीत टंकले की एपीटी ते पॅकेज आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेस शोधून बसवतो. यात एक मेख आहे. अत्यावश्यक पॅकेजेसबरोबरच ‘शिफारस केलेली’ पॅकेजेसही तो सवयीने आणतो. ही सवय बंद करणारा पर्याय आज्ञेला जोडला तर प्रणाली सडपातळ राहते. मात्र एखादी उपयुक्त गोष्ट, उदाहरणार्थ ध्वनीसाठी लागणारा घटक, त्यामुळे गळू शकते. ती नंतर वेगळी मागून घ्यावी लागते.

घरातील ज्येष्ठांसाठी संगणक तयार करायचा असेल तर ‘एक्सएफसीई’ हा हलका डेस्कटॉप योग्य. त्यात खालची पट्टी, मेनू, फोल्डर सारे ओळखीचे वाटते. अधिक काटकसर हवी असल्यास ‘ओपनबॉक्स’ हा निव्वळ खिडक्या सांभाळणारा कार्यक्रम घ्यावा आणि पट्टी, फाइल व्यवस्थापक, नेटवर्कचे साधन एकेक करून जोडावे. यात दोन संध्याकाळी सहज जातात. पण प्रत्येक भाग का आहे, हे नंतर पक्के ठाऊक असते.

देवनागरीची व्यवस्थाही हाताने करावी लागते. फॉण्ट नसल्यास मराठी बातमीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. ‘लोहित देवनागरी’ हा मुक्त फॉण्ट एका आज्ञेत बसतो. टंकलेखनासाठी ‘आयबस’ व त्याचे ‘एम १७ एन’ हे जोडपॅकेज घेतले की इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी, अशा दोन्ही पद्धतींचे मराठी कळफलक मिळतात. सारे जमले की नाही हे पाहायचे तर ‘वाऱ्यावर’ आणि ‘बाळ’ हे शब्द टंकून पाहावेत. हिंदीपुरताच विचार करून केलेल्या मांडणीत ‘ऱ्य’ नेमका अडखळतो.

एवढे करूनही एका मर्यादेची जाणीव ठेवायला हवी. ओपनबॉक्ससह प्रणाली स्वतः काहीशे एमबी रॅममध्ये भागवते, पण आजचा वेब ब्राउझर तसा नाही. पाच-सहा पाने उघडली की तो एकटाच प्रणालीहून कितीतरी अधिक रॅम व्यापतो. दोन जीबीच्या यंत्रावर पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, गाणी हे सुखेनैव चालते, परंतु व्हिडिओ कॉल करताना ते धापा टाकणारच. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे आणि रॅम चार जीबीपर्यंत नेणे या दोन खर्चांनी जो फरक पडतो, तो कितीही छाटणी केली तरी पडत नाही.

सुरक्षा सुधारणांची जबाबदारीही आता मालकाकडे येते. ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे पॅकेज बसवून कार्यान्वित केल्यास त्या आपोआप येत राहतात. तेराव्या आवृत्तीला नियमित पाठिंबा ऑगस्ट २०२८ पर्यंत, तर दीर्घकालीन पाठिंबा जून २०३० पर्यंत जाहीर झालेला आहे. पुढची आवृत्ती आली की तीही विनामूल्य, आणि ती चढवण्यासाठी डिस्क पुसावी लागत नाही.