प्राध्यापकांचे संशोधन : गुणांकडून गुणवत्तेकडे

नियमानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. त्याखेरीज उत्तरपत्रिका, प्रवेश, नॅकची कागदपत्रे आणि बोरिवली-अंधेरी किंवा मुलुंड-घाटकोपर असा लोकलचा प्रवास. उरलेल्या वेळात त्याने संशोधनही करावे, अशी अपेक्षा असते. मात्र ते त्याला शिकवायचे कोणी, या प्रश्नाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये पदोन्नतीची सांगड ‘एपीआय’ गुणांशी घातली. शोधनिबंध छापला की गुण! साहजिकच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्याच वर्षी जुलैतील नियमावलीने महाविद्यालयीन शिक्षकांसाठी गुणांची सक्ती सैल केली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. चांगले नियतकालिक कोणते, हे ठरवण्याची जबाबदारी आता शिक्षणसंस्थांवर आणि पर्यायाने प्राध्यापकांवर आली आहे.

ही पारख उपजत नसते. नेमका प्रश्न मांडणे, त्यावर पूर्वी झालेले काम धुंडाळणे, नमुना निवडणे, संख्याशास्त्राचा योग्य वापर करणे आणि दुसऱ्याच्या लेखनाचे श्रेय देणे, ही सारी कौशल्ये शिकावीच लागतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगाने २०१९ च्या अखेरीस अनिवार्य केला. त्याआधी पदवी मिळवलेल्या, आज मार्गदर्शक असलेल्या अनेकांना हे शिक्षण रीतसर मिळालेलेच नाही.

दोन दिवसांच्या कार्यशाळेने ही उणीव भरून निघत नाही. काठावर बसून पोहणे येत नाही. त्यासाठी जाणत्याबरोबर पाण्यात उतरावे लागते. उपनगरांत असे जाणते दूर नाहीत. कलिनात विद्यापीठाचे विभाग आहेत, पवईत आयआयटी आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून कार्यरत असून, तेथील २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘नियस’ उपक्रमाने पदवीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करण्याची वाट दाखवली. अशीच सोबत प्राध्यापकांनाही मिळायला हवी.

त्यासाठी महाविद्यालयांनी वेळापत्रकात संशोधनाचे तास राखून ठेवावेत आणि शेजारच्या संस्थांशी करार करावेत. निबंधांची संख्या मोजणे सोपे असते. पण प्रश्न विचारायला शिकलेला प्राध्यापकच वर्गातील मुलांना प्रश्न विचारायला शिकवू शकतो.