कौल घेऊन वसलेला मुलूख

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हातात घेतलेले बरेच जण प्रस्तावना ओलांडून थेट बिल्बोच्या वाढदिवसाच्या मेजवानीला जाऊन बसतात. सिनेमा पाहून आलेल्यांच्या लेखी तर शायर म्हणजे हिरव्या टेकड्या, गोल दारं आणि दिवसातून सहा वेळा जेवायला तयार असलेली ठेंगणी हॉबिट मंडळी. पण प्रस्तावनेत आणि शेवटच्या परिशिष्टांत जे. आर. आर. टॉल्किननं या मुलखाची हकिगत जुन्या दप्तरात असावी तशी नोंदवली आहे. जमीन आधी कोणाची होती, ती ओस का पडली, नव्या लोकांना कोणी दिली आणि कोणत्या अटींवर, हे सगळं तिथे सनावळीसह सापडतं.

डोंगरापलीकडून

हॉबिट शायरचे मूळ रहिवासी नाहीत. धुक्याच्या पर्वतरांगेपलीकडे, अँडुइन नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची वस्ती होती. तिथे माणसांची संख्या वाढली, शेजारच्या ग्रीनवुड अरण्यावर अभद्र सावट आलं आणि तिसऱ्या युगाच्या १०५०च्या सुमाराला हॉबिटांनी पश्चिमेची वाट धरली. आधी आले हारफूट. संख्येनं सर्वांत जास्त आणि एका जागी टिकून राहणारे. शंभरेक वर्षांनी फॅलोहाइड आणि स्टूर आले. फॅलोहाइड मोजके पण धाडसी, तर स्टूर अंगानं थोराड आणि नदीकाठी रमणारे. १३००च्या सुमाराला उत्तरेत अँगमारचं दुष्ट राज्य उभं राहिलं, तेव्हा यांतले बरेच जण आणखी पश्चिमेला, ब्री गावाच्या आसऱ्याला सरकले. काही स्टूर मात्र १३५६मध्ये आल्या वाटेनं परत गेले. अंगठीपायी वाया गेलेला गॉलम याच शाखेतला.

पूल दुरुस्त ठेवा

१६०१ साली मार्खो आणि ब्लँको या दोन फॅलोहाइड भावांनी फॉर्नोस्ट या राजधानीतल्या राजाची, दुसऱ्या आर्जेलेबची, परवानगी मिळवली आणि मोठा जमाव घेऊन ब्रँडीवाइन नदी ओलांडली. पलीकडे एके काळी राजाचीच शेतं, द्राक्षमळे आणि रानं होती. पण राज्याची तीन शकलं झालेली, त्यात अँगमारशी लढाया आणि रोडावत चाललेली प्रजा. कसदार जमीन कसायला माणूस उरला नव्हता. मराठेशाहीत पडीक गाव पुन्हा लागवडीला यावं म्हणून कौल दिला जाई, तसाच हा व्यवहार. राजाच्या अटी अगदी थोड्या होत्या: नदीवरचा मोठा पूल आणि बाकीचे पूल-रस्ते दुरुस्त ठेवा, सरकारी जासुदांची वाट अडू देऊ नका आणि आमचं स्वामित्व माना. पूर्व-पश्चिम सुमारे १२० मैल आणि उत्तर-दक्षिण १५० मैल असा मुलूख एवढ्यावर हाती आला. शायरची कालगणना सुरू होते ती या नदी ओलांडण्यापासून.

टॉल्किन १९२५ ते १९४५ या काळात ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक होता. अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या तीन टोळ्या पाचव्या शतकात समुद्रापलीकडून आल्या आणि हेंगिस्ट व हॉर्सा हे दोन भाऊ त्यांच्या आघाडीला होते, ही इंग्लंडची परंपरागत कथा त्याच्या रोजच्या अभ्यासातली. तीन हॉबिट शाखा आणि दोन भाऊ ही मांडणी उघडच तिच्यावर बेतलेली आहे. फरक एकच, पण मोठा. इंग्लंडात आधीपासून ब्रिटन लोक नांदत होते आणि त्यांच्याशी रक्तपात झाला. शायरमध्ये कोणाला उठवावंच लागलं नाही. ‘जमीन रिकामीच होती’ हे जगभरच्या वसाहतवाल्यांचं लाडकं वाक्य. टॉल्किननंही ते वापरलं, पण त्या रिकामपणाचा हिशेब दिला. हॉबिटांची सुबत्ता दुसऱ्या कोणाच्या तरी ऱ्हासावर उभी आहे, हे त्यानं लपवलं नाही.

राजा गेला, कायदा राहिला

वसाहत होऊन पस्तीस वर्षं होतात न होतात तोच, १६३६मध्ये, महामारी आली. १९७४मध्ये फॉर्नोस्ट पडलं. शेवटच्या लढाईला आपण तिरंदाज धाडले होते, असं हॉबिट सांगत. माणसांच्या बखरींत त्याची नोंद नाही. १९७९मध्ये हॉबिटांनी आपल्यातलाच एक थेन, म्हणजे प्रमुख, नेमला आणि राजाविना राजाचे कायदे पाळत राहिले. अख्ख्या मुलखाला शिपाई बारा. त्यांचं बरंचसं काम चुकलेली गुरं हुडकण्याचं.

नदीच्या पूर्वेला मात्र चित्र वेगळं होतं. २३४०च्या सुमाराला गोरहेंडॅड ओल्डबकनं तिकडे बकलंड वसवलं. ही वस्ती कौलाबाहेरची आणि पाठीशी ‘ओल्ड फॉरेस्ट’ हे रान. बकलंडकरांनी वीस मैलांहून लांब झाडांचं दाट कुंपण लावलं. एकदा रानातली झाडंच त्या कुंपणावर चालून आली, तेव्हा शेकडो झाडं तोडून त्यांची होळी केली. इथे रात्री दाराला कुलूप लागे. नदीपलीकडच्या शायरमध्ये तशी रीत नव्हती.

शायर निर्धास्त होतं त्याला कारण होतं. जुन्या राजवंशातले रेंजर सीमेवर गुपचूप पहारा देत होते. हॉबिटांना त्याचा पत्ता नव्हता आणि ब्रीचे लोक तर रेंजरांना भटके समजून नाकं मुरडत. कादंबरीतल्या अंगठीच्या युद्धामुळे हा पहारा ढिला पडला आणि गुंड आत घुसले. कथानायक फ्रोडो आणि त्याचे सोबती ३०१९मध्ये परतले, तेव्हा पुलाच्या दोन्ही तोंडांना खिळे ठोकलेली फाटकं होती. जो पूल वाहता ठेवायचा म्हणून जमीन मिळाली, तोच बंद. बायवॉटरच्या लढाईत १९ हॉबिट मेले, जवळजवळ ७० गुंड पडले आणि वाट मोकळी झाली.

पुढे आर्जेलेबचाच वंशज अ‍ॅरागॉर्न गादीवर बसला. माणसांनी शायरमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा कायदा त्यानं केला आणि स्वतःलाही लावून घेतला. मित्रांना भेटायला तो पुलापर्यंत येई, पुढे जात नसे. पहिल्या कौलात सगळ्या अटी कुळांवर होत्या. इथे राजानं स्वतःवर अट घातली. टॉल्किननंतर काल्पनिक जगांचे नकाशे उदंड निघाले, नद्या-डोंगरांना सुरेख नावं पडली. त्या जमिनीवर राहण्याचा हक्क कोणाला कसा मिळाला, हे इतक्या बारकाईनं सांगणारे मात्र थोडेच. शायर खरं वाटतं ते त्यामुळे.