भावाभावांतली न दिसणारी वाटणी

मंडळी, २०२०-२१ च्या करोनात तुम्ही पाहिलं असेल: एकाच घरात थोरल्याला नुसती कणकण, अन् धाकट्याला प्राणवायू लावायची वेळ. असं का व्हावं? वय, मधुमेह यांचा वाटा मोठाच. पण थोडा वाटा आनुवंशिकतेचाही. २०२० मध्ये झेबर्ग आणि पाबो या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्यामुळे हा आजार बळावण्याचा धोका वाढतो. निअँडरथाल मानवाकडून आलेला हा तुकडा दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत आढळतो. आईबाप एकच असले, तरी तो एका भावाच्या वाट्याला येईल, दुसऱ्याच्या येणार नाही. मात्र तो असूनही बहुतेक जण बरे होतात. कुणाच्या वाट्याला काय आलं, हे तोंडावरून कळत नाही. म्हणून आजाऱ्याला बोल लावू नये, आणि धडधाकटानंही लस टाळू नये.